आधी हात, मग प्रश्न



प्रभूवर नजर होती तोवर पेत्र पाण्यावरून चालला. वाऱ्याचा जोर पाहून तो भ्याला आणि बुडू लागला (मत्तय 14:22-33). प्रभूने आधी हात पुढे करून त्याला धरले आणि मग त्याच्या अल्पविश्वासाबद्दल विचारले. हा क्रम आपण विसरता कामा नये.

अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडलेला माणूस असाच एकेक पाऊल टाकत असतो. ठरलेली मीटिंग, रोजचे काम, रविवारची मिस्सा आणि हक्काने बोलता येईल असा सोबती हे त्याचे आधार. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि हे आधार एकदम सुटले. देवळे बंद झाली. काही मीटिंग फोनवर सुरू झाल्या, पण ज्याचे सारे घर एका खोलीत, त्याने मन मोकळे करावे कुठे? भीती आणि एकटेपणा वाढला की जुनी गुंगी पुन्हा हाक मारते. अमेरिकेत 2019 साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे 70 हजार माणसे दगावली. 2020 साली हा आकडा 91 हजारांवर गेला. शिवाय व्यसन सोडलेल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारी मात्राच आता त्याचा जीव घेऊ शकते.

चीनमधील संत मार्क जी तियानशियांग हे वैद्य होते. दुखण्यावर घेतलेली अफू त्यांना सुटेना. सुमारे 30 वर्षे त्यांना ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही, तरी त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही. 1900 सालच्या बॉक्सर बंडात त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. 2000 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले. माणसांनी ज्याची आशा सोडली, त्याला देवाने सोडले नव्हते.

तेव्हा पूर, साथ, दंगल असे संकट आले की आपल्या आळीतल्या अशा भावाची आपण पहिल्याच दिवशी विचारपूस करू या. संकट ओसरल्यावरही जात राहू या, कारण मनाची जखम उशिरा ठणकते. "पुन्हा सुरू केलंस ना?" हा टोमणा नको. "जेवलास का? चल, मीटिंगला मी सोबत येतो," एवढे पुरे. त्याचा पाय घसरलाच, तर लपवाछपवी न करता त्याला डॉक्टरांकडे नेऊ या.

हे प्रभो, बुडणाऱ्याला धरणारा तुझा हात आम्हांला होऊ दे. आमेन.