वाट देणारी पिन

पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात आले, तर भाची टेबलाशी बसलेली. समोर 8051 या चिपचा जुना बोर्ड. ब्रेडबोर्डवर एक लाल एलईडी, लागतोय न लागतोयसा.

"आत्या, पिनवर एक पाठवलंय. तरी बघ ना, नुसता मिणमिणतोय."

बोर्ड माझाच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत सोल्डरिंगला होते, तेव्हाचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी जोडलेला. हातात घेतला आणि बोटांना सगळं आठवलं.

एलईडी उलटा केला. लांब पाय 330 ओहमच्या रेझिस्टरमधून 5 व्होल्टला. नारिंगी, नारिंगी, तपकिरी. ते पट्टे अजून तोंडपाठ आहेत. आखूड पाय पिनला.

"आता शून्य पाठव."

तिने एकाचं शून्य केलं. दिवा लख्ख लागला.

"शून्यावर लागतो?" तिला काही ते पटेना.

मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. 8051 आली 1980 साली. तिची पिन द्यायला फार दुबळी. एक म्हटलं की आतून विजेची बारीकशी धार येते, एका मिलिॲम्पिअरचा जेमतेम अंश. घ्यायला मात्र ती बळकट. या बोर्डावरची, 8051 च्याच घराण्यातली ॲटमेलची 89सी51 एका पिनवाटे 10 मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह ग्राउंडकडे जाऊ देते. लाल एलईडीला 8-9 भरपूर झाले. असा जोडताना रेझिस्टर हवाच, कारण एलईडीला 'पुरे' म्हणता येत नाही. तो ओढत राहतो आणि जळतो.

आताच्या आर्डुइनो उनोची पिन दिव्यापुरता प्रवाह देतेही आणि घेतेही. त्यामुळे हल्लीच्या मुलांना हे कोडं पडत नाही. मला वाटतं, पडायला हवं.

कारण इतकी वर्षं मीही असंच धरून चालले होते. उजेड पाडायचा तर आपल्याकडचं काहीतरी द्यावं लागतं. इथे पिन काहीच देत नाही. वीज वरून येतच असते, दाराशी थांबलेली. पिन नुसती खालची वाट मोकळी करते. जी द्यायला दुबळी, तिच्याच्यानेही दिवा लागतो.

आठच्या सुमारास दोघी स्टेशनवर पोचलो. कर्जतहून आलेली जलद लोकल, महिलांचा डबा दारापर्यंत भरलेला. भाचीने बोर्डाचा डबा छातीशी धरला होता. मला वाटलं, ही गाडी सोडावी लागणार. तेवढ्यात दाराच्या आत उभ्या असलेल्या एका बाईने पाठीवरची सॅक पोटाशी घेतली आणि खांदा तिरका केला. तिला स्वतःलाच नीट उभं राहायला जागा नव्हती.

"ये, आत ये."

त्या फटीतून भाची आत गेली. मागून मी. माझ्यामागून आणखी एक.

ठाणं जवळ येईपर्यंत भाची काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, चिप सुरू होते तेव्हा सगळ्या पिना एकवरच असतात ना?"

"हो," म्हटलं.

गाडीचा वेग उतरला. बायका दाराकडे सरकू लागल्या.