फावल्या वेळेचा हिशेब

मनुष्य पोटासाठी जे काम करतो त्याचा जाब त्याला द्यावा लागतो, हे आपणां सर्वांना मान्य आहे. मालक जाब विचारतो, कायदा विचारतो आणि उशिरा का होईना, मनही विचारते. पण जे काम तो निव्वळ आवडीने, कुणी न सांगता, फावल्या वेळात करतो त्याचे काय? छंद म्हटला की आपण हिशेबाची वही मिटून ठेवतो. तो निरुपद्रवीच असणार असे धरून चालतो आणि त्याचे कौतुक करतो किंवा थट्टा करतो. ही समजूत एकदा तपासून पाहावी असे आम्हाला वाटते. त्यासाठी कोन्राड त्सूझे या जर्मन अभियंत्याच्या जीवनाइतके बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

त्सूझे यांचा जन्म 1910 साली बर्लिनमध्ये झाला. बालपण पूर्व प्रशियातील ब्राउन्सबर्ग या गावी गेले; तेथे ते ज्या विद्यालयात शिकले ते सोळाव्या शतकात कार्डिनल होसियस यांनी स्थापन केलेले होते. पुढे बर्लिनच्या तंत्रविद्यालयात त्यांनी आधी यंत्र अभियांत्रिकी घेतली, ती सोडून वास्तुकला धरली, तीही सोडून अखेर स्थापत्य अभियांत्रिकीत पदवी मिळविली. मधल्या काळात नाटकांत भूमिका, विनोदी चित्रे असे सारे चालूच होते. आपल्याकडचा एखादा पालक डोक्याला हात लावून बसला असता!

1935 साली पदवी मिळाल्यावर हेन्शेल या विमान कारखान्यात त्यांना नोकरी लागली. तेथे तीच ती लांबलचक आकडेमोड करण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला. हे काम यंत्राने का करू नये, या विचाराने त्यांनी नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या दिवाणखान्यातच यंत्राची जुळणी आरंभली. आईवडिलांनी, बहिणीने, मित्रांनी पैसे दिले. मित्रांनी बारीक करवतीने पत्र्याचे तुकडे कापून दिले. आज्ञा नोंदविण्यासाठी महाग कागदी फीत कोठून आणावी? म्हणून सिनेमाच्या टाकाऊ फितीला भोके पाडण्यात आली. 1938 साली ‘झेड-1’ उभे राहिले. ते वारंवार अडत असे, पण 1941 च्या मे महिन्यात दाखविलेले ‘झेड-3’ मात्र चालले. आज्ञावलीनुसार आपोआप चालणारा तो जगातील पहिला संगणक, असे आता इतिहासकार मानतात.

येथवरची कथा कोणालाही आवडेल. पण दिवाणखान्याबाहेर महायुद्ध पेटले होते. 1939 साली सैन्यात बोलावलेले त्सूझे पुढच्या वर्षी हेन्शेलमध्ये परतले. तो कारखाना विमानातून सोडावयाचे, दूरनियंत्रित, पंख असलेले बॉम्ब बनवीत होता. त्या पंखांतील सूक्ष्म दोषांचे गणित करण्यासाठी त्सूझे यांनी खास यंत्रे बांधून दिली. ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. नकार दिला असता तर कदाचित आघाडीवर जावे लागले असते, हेही खरे. तरीही केवळ भीतीने हा उलगडा होत नाही. पैशाचा मोह समोर आला तर मनुष्य त्याला ओळखतो, कारण त्याच्याविषयी लहानपणापासून त्याला सावध केलेले असते. आवडत्या कामाचा मोह मात्र शुभ्र वस्त्रे नेसून येतो. यंत्र पुरे व्हावे, एवढीच छांदिष्टाची तळमळ असते. मग जो सामग्री देईल तो आपला. पुढे आत्मचरित्रात त्सूझे यांनी शोधकाला फाउस्टची उपमा दिली आहे. आपली कल्पना साकार व्हावी म्हणून त्याला सत्तेशी सौदा करावा लागतो, असा त्यांचा आशय आहे. हे त्यांनी स्वतःच लिहिले, याचे मोल आम्ही कमी मानीत नाही. पण त्या वाक्यांत शोधकाविषयी जितकी करुणा आहे, तितकी बॉम्ब ज्यांच्यावर पडले त्यांच्याविषयी दिसत नाही.

‘झेड-3’ 1943 च्या डिसेंबरात बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. 1945 साली, जर्मनी कोसळत असता, त्सूझे ‘झेड-4’ घेऊन बव्हेरियातील हिंटरश्टाइन या डोंगराळ गावी पोहोचले. संगणक चालविण्याजोगी परिस्थिती नव्हती. तेव्हा हाती राहिला तो चित्रकलेचा छंद. लाकडी ठशांची चित्रे विकून त्यांनी संसाराला हातभार लावला. तेथेच त्यांनी संगणकासाठी एक भाषा रचली आणि ती पारखून पाहण्यासाठी बुद्धिबळाचे नियम तिच्यात मांडले. 1949 मध्ये कंपनी काढली आणि शोधक व्यवस्थापक झाला. कंपनीने अडीचशेच्या आसपास संगणक बनविले. पण भांडवल तोकडे पडले आणि 1964 मध्ये ती दुसऱ्यांच्या हाती गेली. या साऱ्या धावपळीत कुंचला सुटला नाही. चित्रांखाली मात्र ‘कुनो झे’ अशी सही असे. संगणकाच्या मालकाने आपल्या चित्रांना वेगळे नाव द्यावे, यात व्यवहारी जगाविषयी पुष्कळ काही आले.

आपल्या घरांतून अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांचे व्हायोलिन दहावीच्या वर्षी पेटीत बंद होते, ते बहुधा कायमचेच. आपण त्याला शिस्त म्हणतो. ज्याच्यापाशी एकच आवड उरते, त्याची ती आवड हिरावली तर त्याच्याजवळ काय उरणार, याचा विचार आपण करीत नाही. मात्र छंद अनेक असले की विवेकही शाबूत राहतो, असे आम्ही म्हणणार नाही. हेन्शेलमधील यंत्रे बांधणारा मनुष्य तोच चित्रकार होता. कुंचल्याने त्याचा हात अडविला नाही. तसा तो अडवील अशी अपेक्षा कुंचल्याकडून करणेच चूक. ते काम दुसऱ्या कशाचे तरी आहे, आणि ते रविवारच्या तासाभरात उरकत नाही.

पंचाहत्तरी उलटल्यावर, 1986 साली, त्सूझे यांनी बॉम्बहल्ल्यात गेलेले ‘झेड-1’ पुन्हा बांधावयास घेतले. या वेळी ना युद्ध होते, ना गिऱ्हाईक. पत्र्याचे हजारो तुकडे पुन्हा जुळविण्यात तीन वर्षे गेली. 1995 साली, मृत्यूच्या वर्षी, त्यांनी बिल गेट्स यांचे स्वतः रंगविलेले चित्र त्यांना भेट दिले. पुन्हा बांधलेले ते यंत्र बर्लिनच्या तंत्रसंग्रहालयाला देण्यात आले.