पडद्यावरची शिवी आणि सम्यक वाणी

गेल्या वर्षावासात एका रविवारी वंदना आटोपल्यावर एक उपासिका उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, पोरगं फोनवर बंदुकीचा खेळ खेळतंय. खेळू दे, त्याचं काही नाही. पण तोंडात सारख्या आई-बहिणीवरून शिव्या. पंचशील घेतलेलं पोरगं हाय. ह्याला काय म्हणावं?" विहारात चार-दोन माणसे हसली. मला मात्र हसू आले नाही. ती उपासिका म्हणजे माझीच थोरली बहीण. विहारात ती मला सर म्हणते, घरी एकेरी नावाने हाक मारते. तिच्या घराने धम्मदीक्षा घेऊन पुरती दोन वर्षेही झालेली नाहीत. तो पोरगा माझा भाचा, दहावीत शिकणारा, शाळेसाठी माझ्याच घरी राहणारा. म्हणजे प्रश्न तिचा असला तरी जबाबदारी माझी होती.

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विमानातून शंभरेक खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात आणि शेवटी जी टोळी उरते ती जिंकते. टोळी चौघांची असते. आपले तीन मित्र हजर नसतील तर यंत्रच कोठले तरी तीन अनोळखी सोबती जोडून देते. मुले त्यांना 'रँडम' म्हणतात. एक लातूरचा, एक लखनौचा, एक कोठला देव जाणे. माइक सुरू केला की चौघे एकमेकांशी बोलू शकतात. डाव अर्ध्या तासात संपतो आणि ही माणसे पुन्हा आयुष्यात भेटत नाहीत. डाव हरला तर रँक घसरतो, आणि घसरलेल्या रँकचे खापर फोडण्यासाठी शेजारचा अनोळखी सोबती आयताच मिळतो. शिव्यांचे मूळ बरेचसे येथे आहे.

हे केवळ आपल्याकडचे नाही. २००४ साली जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहून दाखवून दिले होते की, नाव झाकलेले असले, चेहरा दिसत नसला आणि समोरच्याच्या डोळ्यांत आपल्या शब्दाचा परिणाम पाहावा लागत नसला, की माणसाच्या जिभेवरचा लगाम सुटतो. 'लीग ऑफ लेजेंड्स' नावाचा पाचजणांविरुद्ध पाचजणांचा खेळ चालविणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०११ साली खेळाडूंचीच एक पंचायत बसविली होती. तक्रार झालेल्या खेळाडूचे संभाषण इतर खेळाडूंनी वाचायचे आणि दोषी की निर्दोष ते ठरवायचे. काही वर्षांनी ती पंचायत बंद झाली. पण त्या कंपनीच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली, ती आपण लक्षात ठेवावी अशी आहे. बहुतेक अपशब्द अट्टल टवाळखोरांचे नव्हते, एरवी नीट वागणाऱ्या सामान्य खेळाडूंचे होते. कोणाचा दिवस वाईट गेलेला असे आणि तो राग येथे सांडत असे. म्हणजे शिवी देणारा कोणी राक्षस आहे असे समजून हात झटकता येत नाहीत. तो आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवर बसलेला असू शकतो.

आता माझ्या भाच्याकडे येतो. त्याला प्रथम समज देण्याच्या हेतूने मी बसलो, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने जे सांगितले ते ऐकून माझेच शब्द अडकले. काही महिन्यांपूर्वी डाव सुरू होताना त्याने सवयीने 'जय भीम' म्हटले. पलीकडून एकाने विचारले, "सरनेम क्या है तेरा?" याने सांगितले. त्यानंतर जातीच्या नावाने शिव्या सुरू झाल्या. येथेही आरक्षण पाहिजे का, अशी विचारणा झाली. त्या खेळात गोळी लागलेला खेळाडू एकदम मरत नाही. तो गुडघ्यावर येतो, रांगतो, आणि सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद थांबून त्याला उठवायचे असते. हा पडला तेव्हा त्याच्या अगदी जवळ दोन सोबती उभे होते. पहिला म्हणाला, "इसको मत उठाओ." ते दोघे उभे राहिले. एका शब्दाने बोलले नाहीत, आणि उठवायलाही आले नाहीत.

"मामा, शिव्यांचं इतकं नाही वाटलं. ते दोघं नुसते बघत राहिले ना, त्याचं वाटलं," तो म्हणाला.

महाडच्या तळ्याची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. १९२७ साल, मार्च महिना, सगळे तोंडपाठ. पण शिवू नये म्हणून माणसाने पडलेल्या माणसापासून चार पावलांवर थांबणे हे २०२० नंतरच्या दशकात, एका चित्रातल्या बेटावर, माझ्या घरातल्या फोनमध्ये घडेल, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

अशा वेळी धम्म काय सांगतो? आपल्यापैकी पुष्कळांना अक्कोस सुत्ताची कथा ठाऊक आहे. एक ब्राह्मण भगवंतांकडे येऊन वाटेल ते बोलतो. भगवंत त्याला विचारतात की, तुझ्या घरी पाहुणे आले आणि तू वाढलेले त्यांनी घेतले नाही, तर ते कोणाकडे राहते? तो म्हणतो, माझ्याकडेच. तसेच तुझे हे बोलणे आम्ही घेत नाही, ते तुझ्यापाशीच राहिले, असा त्या उत्तराचा आशय आहे. विहारात ही कथा सांगून मुलाला 'तू ते घेऊ नकोस' म्हणणे सोपे आहे. खेळात तर त्यासाठी एक बटणही आहे, त्याला 'म्यूट' म्हणतात. दाबले की त्या माणसाचा आवाज बंद. मन शांत ठेवण्यासाठी हे बटण वापरण्यात कमीपणा काहीच नाही, असे मी भाच्याला सांगितले.

पण माझे एवढ्यावर समाधान होईना. अक्कोस सुत्तातील उत्तर शिवी खाणाऱ्याला त्याचे मन कसे सांभाळावे ते शिकविते. जवळ उभ्या असलेल्या दोघांचे काय? त्यांना कोणी काही वाढलेच नव्हते, तेव्हा नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. आणि जातीवरून दिलेली शिवी एका माणसापुरती राहत नाही. ती ऐकणाऱ्या दोघांना सांगते की, याला उठवू नका. आपण नवदीक्षितांनी क्षमेची कथा ऐकताना येथे सावध असावे. शांती म्हणजे मुकाट्याने गिळणे, असा अर्थ आपल्या माथी मारला गेला तर तो जुनाच धडा नव्या वेष्टनात येईल.

म्हणून मी दोन सुत्ते पुन्हा काढून वाचली. ब्रह्मजाल सुत्ताच्या आरंभीच भगवंत भिक्खूंना सांगतात की, कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तरी चिडू नका, कारण चिडलात तर ते खरे बोलतात की खोटे हेच तुम्हाला कळणार नाही. पण तेथेच ते थांबत नाहीत. जे असत्य आहे ते असत्य आहे, हे स्पष्ट सांगा, असेही बजावतात. दुसरे सुत्तनिपातातील वसल सुत्त. सावत्थीत भगवंत भिक्षेला निघाले असता अग्गिक भारद्वाज त्यांना लांबूनच थांबवतो आणि 'वसल' म्हणजे हीन, चांडाळ म्हणून हिणवतो. म्हणजे ही शिवी जातीचीच होती. भगवंत गप्प बसले नाहीत आणि उलट शिवीही दिली नाही. वसल कोणाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. आणि माणसाला हीन ठरविणारी गोष्ट त्याचे आचरण असते, जन्माशी तिचा संबंध नाही, हे एकेका उदाहरणाने समजावून दिले. आवाज न चढवता उत्तर देता येते, याचा याहून चांगला धडा मला सापडलेला नाही. भाच्याने तसा प्रसंग पुन्हा आलाच तर एकदा शांतपणे सांगावे की हे चूक आहे, मग आवाज बंद करावा आणि खेळातच असलेल्या सोयीने तक्रार नोंदवावी, असे आम्ही ठरविले.

कायद्याविषयीही थोडे सांगतो, कारण नवदीक्षित कुटुंबांत याबाबत गैरसमज आढळतात. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक दृष्टीसमोर जातीवरून केलेला अपमान गुन्हा ठरतो, आणि इंटरनेटवर केलेला अपमानही त्यात येऊ शकतो असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जाते ही समजूत चूक आहे; १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. मात्र टोपणनावाआडचा माणूस शोधणे कठीण, आणि पुष्कळदा तो पंधरा वर्षांचा पोरच निघायचा. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीसह ११८ ॲप्स बंद केली, ती देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता या कारणांसाठी. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन खेळांचा कायदा पैसे लावून खेळण्याविषयी आहे. मुलांच्या तोंडी कोणते शब्द आहेत, हा विषय घरावरच सोडलेला आहे.

येथवर लेख संपला असता तर मला बरे वाटले असते. पण पुढच्याच आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा भाच्याच्या खोलीतून आवाज आला. सोबत्यांत एक मुलगी होती. तिच्या हातून काही चूक झाली असावी. भाचा तिला जे बोलत होता ते येथे लिहिता येत नाही. त्यात एक शब्द तर एका दुसऱ्या जातीचे नाव होते, आपल्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या जातीचे, आणि ते त्याने शिवी म्हणून वापरले होते. थोड्या वेळाने त्या मुलीचा आवाज बंद झाला. तिने माइक बंद केला होता. या खेळांत अनेक मुली मुलाचे नाव घेतात वा तोंडच उघडत नाहीत, त्याचे कारण मला त्या रात्री कळले.

सकाळी विचारले तर उत्तर तयार होते. "मामा, तिथं सगळेच बोलतेत. आन् खेळच हाय तो. गोळ्या खोट्या, मरणं खोटं, मग शिवी तेवढी खरी का?"

प्रश्न वकिली होता, पण टाकून देण्यासारखा नव्हता. मी दिवसभर त्यावर विचार केला. मला वाटते, उत्तर असे आहे. खेळात मला गोळी मारण्याची परवानगी मी स्वतःच दिलेली असते; त्यासाठीच तर शंभर जण बेटावर उतरतात. ती गोळी चित्राला लागते आणि पुढच्या डावात ते चित्र पुन्हा उभे राहते. शिवी खाण्याची परवानगी कोणीही दिलेली नसते, आणि ती चित्राला लागत नाही, कानात जाते. भगवंतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले आहे. गोळी झाडताना भाच्याचा हेतू डाव जिंकण्याचा होता. शिवी देताना त्या मुलीला दुखविणे, याखेरीज दुसरा हेतू काढून दाखव, असे मी त्याला म्हटले. तो काढू शकला नाही.

काही पालक म्हणतात, पंचशीलात शिवीचा उल्लेख कोठे आहे, तेथे तर खोटे बोलू नये एवढेच आहे. अक्षरशः ते खरे आहे. पण अष्टांगिक मार्गातील सम्यक वाणीत खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि व्यर्थ बडबड ही चारही वर्ज्य आहेत, आणि बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सम्यक वाणी समजावताना रागाचे व शिवीगाळीचे बोलणे स्पष्टपणे त्याज्य ठरविले आहे. शील घेताना कलमे मोजायची नसतात.

माझ्या बहिणीने फोन काढून घेण्याचा उपाय सुचविला. मला तो पटला नाही. फोन काढून घेतला तर पोरगा मित्राच्या फोनवर खेळेल, आणि शिव्या तेथे देईल. शिवाय त्याच संभाषणात भाच्याने मला एक वाक्य ऐकविले, तेव्हापासून मी कोणत्या अधिकाराने बोलावे हेच मला कळेनासे झाले. तो म्हणाला, "तुमी पण वर्गात मागच्या बाकावरच्यांला 'ढ' म्हणता की, मामा. सगळ्यांसमोर." हे खरे आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. मला कोणी 'ढ' म्हटलेले मी विसरलो नाही, पण तोच शब्द माझ्या तोंडात केव्हा आला ते मला आठवत नाही.

राहुल लहान असताना भगवंतांनी त्याला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. असत्य भाषणाविषयीच्या या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात मुद्दाम केला आहे. त्यात आरशाचे उदाहरण येते: बोलण्यापूर्वी, बोलताना आणि बोलल्यानंतर, तिन्ही वेळा पाहावे की याने मला वा दुसऱ्याला इजा होते काय. योगायोग असा की, वर सांगितलेल्या त्या अमेरिकी कंपनीच्या अनुभवातही, नुसती शिक्षा केलेल्यांपेक्षा शिक्षेसोबत स्वतःच्या संभाषणाची नोंद दाखविलेले खेळाडू अधिक सुधारले.

मग आम्ही एक वही केली. एका संध्याकाळी खेळात जे जे बोलला ते त्याने लिहायचे, आणि शाळेत मी जे जे बोललो ते मी. रविवारी दोघांनी अदलाबदल करून वाचायचे. पहिल्या रविवारी त्याच्या पानावर दोन ठिकाणी रिकाम्या जागा होत्या. "ते आईला दिसंल," असे तो म्हणाला. माझ्या पानावर 'ढ' तीनदा होते, आणि एकदा त्याहून वाईट. ते मी लिहिले.

त्या मुलीची माफी मागावी असे भाच्याला वाटले, हे त्याने आपणहून सांगितले. अडचण अशी की गावात कोणाला बोललो तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जाता येते. येथे दार नाही. अलीकडच्या सोबत्यांच्या यादीत तिचे टोपणनाव सापडले, तेव्हा त्याने मैत्रीची विनंती पाठविली, कारण ती स्वीकारल्याशिवाय दोन ओळी लिहिता येत नाहीत. याला आता तीन आठवडे झाले. रोज शाळेतून आल्यावर तो एकदा उघडून पाहतो. तिने ती अद्याप स्वीकारलेली नाही.