एकाचे प्रारब्ध आणि गावाचे पाणी

पंढरीच्या वाटेवर पूर्वी पटकीने माणसे जात. त्या आठवणी निघाल्या की कीर्तनानंतर आम्हांला हटकून विचारतात, "महाराज, एकाच दिंडीत, एकाच विहिरीचं पाणी दोघं प्यायले. एक गेला, एक राहिला. मग पाण्याचं काय घेऊन बसलात? ज्याचं त्याचं प्रारब्ध!" मान डोलवून पुढे जाणे सोपे. पण आम्ही तर्कसंग्रह घोकलेले; 'कारण' हा शब्द निघाला की गप्प बसवत नाही.

हा प्रश्न नीट तपासला गेला तो लंडनात, १८५४ साली. ब्रॉड स्ट्रीट म्हणून एक रस्ता, तेथे हातपंप. ऑगस्टअखेर त्या वस्तीत पटकी उसळली आणि सहाशेंवर माणसे दगावली. जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर हिंडून विचारू लागला, मेलेला माणूस कुठले पाणी पीत होता? रोगाचा जंतू त्याला ठाऊक नव्हता. हाती होता तो आपला अन्वय-व्यतिरेकच!

अन्वय असा. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई त्या पाण्याच्या गोडीने रोज बाटली भरून मागवी. तिच्या आसपास पटकी नव्हती; तरी ती मेली, आणि तेच पाणी प्यालेली तिच्या नात्यातली मुलगीही मेली. व्यतिरेक असा. पंपाजवळच बिअरचा कारखाना, सत्तरांवर कामकरी. पटकीने एकही गेला नाही. ते बिअर पीत, पंपाकडे फिरकत नसत.

आता कोणी टाळी देऊन म्हणेल, मग मद्यच तारक! थांबा. न्यायात याला उपाधी म्हणतात. अग्नी तेथे धूर असे म्हणणारा ओले सर्पण विसरतो. तापल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कोठे आहे? जवळच्याच गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे होती, पाचच दगावली. ती काही कारखान्याची कामकरी नव्हेत. विहीर मात्र त्यांची स्वतंत्र होती.

आता मूळचा प्रश्न. पंपाचे पाणी पिऊनही पुष्कळ वाचले. एका व्यभिचाराने व्याप्ती मोडते, असे आम्ही शिकलो. ही का मोडत नाही? कारण ती एकेका माणसाची नाही, समुदायाची आहे. स्नोने दक्षिण लंडनात मोजले. थेम्सचे घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे सात आठवड्यांत ३१५ मृत्यू. नदीच्या वरच्या अंगाचे पाणी देणाऱ्या कंपनीच्या घरांमागे ३७. ते ३७ कोणत्या घरचे, हे आकडा सांगत नाही आणि सांगण्याचा त्याला अधिकारही नाही. 'यालाच का झाला?' आणि 'या लोकांत इतका का?' हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे जेफ्री रोझ या इंग्रज वैद्याने १९८५ साली स्पष्ट मांडले.

प्रारब्धाचे उत्तर पहिल्या प्रश्नाला द्यायचे तर द्या. दुसऱ्याला ते देऊ नका. पलीकडच्या घरांत ३१५ च्या जागी ३७ आले, ते काय त्या घरांचे पूर्वजन्म निराळे म्हणून? नळ निराळा होता! तशीच आकड्याची काठी करून एकेकालाही मारू नये. तंबाखूने कर्करोग होतो हे खरेच आहे. पण समाचाराला जाऊन रोग्याच्या बायकोला "त्यानंच ओढवून घेतलं" असे सांगणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यांना हा हिशेब मांडायला कोणी बसविले?

एक कोडे मात्र आम्हांला अजून सुटत नाही. पालखीच्या मुक्कामी पाण्यात क्लोरिनची पूड टाकतात. वास येतो म्हणून कुरकुर होते. त्या पाण्याने कोणी तरी वाचतोच. पण कोण, हे त्यालाही कळत नाही आणि पूड टाकणाऱ्यालाही नाही. मग उपकार झाला तो कोणावर? व्यष्टीत शोधावा तर सापडत नाही, समष्टीत पाहावा तर लख्ख दिसतो. आमच्या दिंडीतले एक म्हातारबुवा म्हणतात, "मीच वाचलो असं धरून चालतो," आणि नाक न मुरडता तांब्या भरून घेतात.