फुटकी काच

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले की माळ्यावरून रिकाम्या बाटल्यांची फौज खाली उतरते. माझ्या लहानपणी, चंद्रपूरच्या आमच्या घरी, हा दिवस आम्हा मुलांच्या मिळकतीचा असे. कबाडीवाला दारात सायकल टेकवी, एकेक बाटली उजेडाकडे धरून पाही आणि टवका उडालेली बाजूला सारी. म्हणून आई प्रत्येक बाटली राखेने घासून, उन्हात वाळवून मगच त्याच्यापुढे मांडी. घासाघीस चार आण्यांची होई. गप्पा मात्र अर्धा तास चालत.

आता सकाळी घंटागाडी येते. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे काम तुमच्या-माझ्यावर सोपवले. आमच्या गल्लीतला कबाडीवाला काच घेईनासा झाला. ती जड, शिवाय फुटणारी, आणि तिचे त्याला मिळते ते किती! बाटली विकायची होती ती द्यायची झाली, आणि केव्हा टाकायची झाली ते मला कळलेही नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. तुकडे सुक्या कचऱ्याच्या पिशवीत घातले, तोंड बांधले आणि मोकळा झालो. गाडीवरच्या बाईंनी पिशवी उचलली आणि चटकन बोट तोंडात धरले. त्या रागावल्या नाहीत. "काच होती काय जी?" एवढेच त्यांनी विचारले. "हो" म्हणताना मला माझाच आवाज चोराचा वाटला.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडीत नाही. आई बाटल्या घाशी, ते त्या माणसासाठी की चार आण्यांसाठी? जुन्या काळाचे गोडवे गाणे सोपे असते. पण खरे सांगायचे तर ज्या काचेला भाव नसे, ती आमच्या घरूनही परसामागच्या उकिरड्यावरच जाई. तिथून ती कुणाच्या पायात गेली, हे आम्ही कधी विचारले नाही. आमच्याकडे गाव संपते तिथे रान सुरू होते. चैत्रात भल्या पहाटे बायाबापड्या मोहफुले वेचायला झाडाखाली जातात. पाचोळा कुजून माती होतो. त्यातला काचेचा तुकडा वर्षानुवर्षे तसाच धारदार राहतो.

अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. देणाऱ्याला पैसा परत मिळायचा नव्हता. म्हणून काही कुणी खोटा पैसा घालावा, असे नव्हे. आज घराघरातून काच मागितली जाते, तीही तशीच. काच कितीदाही वितळवावी, पुन्हा काचच होते. जुना चुरा घातला तर भट्टीला इंधनही कमी लागते. पण खरकटी, मातीदगडात मिसळलेली काच देणे म्हणजे खोटा पैसा देणे होय.

यंदा पणत्या मांडताना एक पेला फुटला. तुकडे जाड वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळीने बांधले, वर लाल पेन्सिलीने 'काच' असे लिहिले आणि पुडके बाईंच्या हाती दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले. भाव कुणीच केला नाही. तरी आईच्या वेळचा एक व्यवहार पुरा झाल्यासारखे मला वाटले.