मनुष्यदेहाचे प्रयोजन

॥ श्रीचक्रधराय नमः ॥

‘माझ्या जन्माचे प्रयोजन काय?’ हा प्रश्न अनेक उपदेशी तरुणांच्या मुखातून ऐकू येतो. शिक्षण झाले, उदरनिर्वाहाचे साधन लाभले, घरसंसार मार्गी लागला, तरी अंतःकरणात एक रितेपणा उरतो. कित्येकांना तर यांपैकी काहीच लाभत नाही आणि ‘आपण व्यर्थ जन्मलो’ ही विषण्णता त्यांना ग्रासते. हा प्रश्न केवळ विकल्प म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. तो मनात उठणे हेच जीवाच्या जागृतीचे लक्षण होय.

आपल्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. त्यांपैकी प्रपंच अनित्य, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त. या विभागणीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रपंच जड असल्यामुळे त्याला ‘मी कशासाठी?’ असे विचारता येत नाही. देवता आपापल्या अधिकाराने फळे देतात. परंतु त्यांना स्वतःला बंधातून सुटका नाही. परमेश्वर परिपूर्ण, त्यास काही मिळवावयाचे नाही. बद्ध असून मुक्त होऊ शकणारा असा एक जीवच आहे. म्हणून प्रयोजनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने केवळ त्याचा आहे. सूत्रपाठात संसरण व उद्धरण अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. पहिल्यापासून दुसऱ्याकडे वळणे, हे मनुष्यदेहाचे मुख्य प्रयोजन. ते आपणास निर्माण करावयाचे नाही, ओळखावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘हे प्रयोजन तर सर्व जीवांचे एकच झाले. मग माझे म्हणून काही उरले की नाही?’ ही शंका योग्य आहे. ध्येय एक असले तरी सेवा भिन्न असते. ज्याला जी शक्ती लाभली, ती त्याने कोणाच्या चरणी वाहावी, हा निर्णय प्रत्येकास स्वतंत्रपणे करावा लागतो. आपल्या पंथाचा इतिहास याची साक्ष देतो.

म्हाइंभट्ट थोर विद्वान होते. विद्येच्या अभिमानाने ते दिवसा दिवटी लावून चालत, असे परंपरा सांगते. श्रीचक्रधरांच्या सन्निधानात त्या अभिमानाचा परिहार झाला. परंतु त्यांची विद्या काही नाहीशी झाली नाही. तिची दिशा बदलली. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव लीळांचे स्मरण करीत असत. त्या लीळा काळाच्या ओघात लोपतील, हे जाणून म्हाइंभट्टांनी त्या संग्रहित करण्याचे व्रत घेतले. ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन विचारावे, ऐकावे आणि आचार्यांकडून पारखून घ्यावे, असा हा उद्योग होता. शके 1200 च्या सुमारास, म्हणजे इ. स. 1278 च्या आसपास, रिद्धपूर येथे वाजेश्वरीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. वादात जिंकण्यासाठी बोलणारा पंडित आता साध्या माणसांचे बोल विनम्रतेने ऐकत होता. प्रयोजन सापडणे ते हेच. शक्ती तीच राहिली, तिचा स्वामी बदलला.

केसोबासांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. ते संस्कृतात रचना करण्यास समर्थ होते, आणि ग्रंथही संस्कृतात व्हावा असे त्यांच्या मनात होते. आचार्यांनी त्यांस निवारले, कारण संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. केसोबासांनी ते मानले. आपल्या सामर्थ्याला शोभेल ते करावे, की ज्यांना गरज आहे त्यांच्या उपयोगी पडेल ते करावे, असा पेच आपल्यापुढेही नित्य उभा राहतो. आवड आणि कौशल्य यांवरून माणसाला आपले काम सुचते खरे. परंतु ते काम सेवा आहे की मिरवणे आहे, हे कोणाच्या तरी अधिकारी वचनाने तपासून घ्यावे लागते.

आणि सेवा म्हणजे केवळ ग्रंथरचना नव्हे. महदाइसांनी श्रीगोविंदप्रभूंच्या इच्छेस्तव धवळे गाइले. पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा ज्यांनी लीळा कंठात सांभाळल्या होत्या त्यांच्यामुळेच ते धन वाचले. त्यांत हिराइसांचा पाठ पुढील पिढ्यांना आधार झाला. नित्य स्मरण करीत असता, ‘आपल्या स्मरणावर एक दिवस पंथाचा ठेवा अवलंबून राहील’ असे कोणास वाटले असेल? स्मरण हे त्यांचे साधन होते. रक्षण हे आपोआप घडलेले फळ होते. 2024 साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. ज्या स्थानी म्हाइंभट्ट लिहीत होते, त्या स्थानाचा हा गौरव पाहून कोणास आनंद होणार नाही? परंतु त्यांनी लेखणी उचलली ती गौरवासाठी नव्हे.

म्हणून वासनिक बंधूंनी असे समजू नये की, अनुसरण घडले नाही म्हणून आपला जन्म वाया गेला. शेतकऱ्याने अहिंसेचा विवेक राखून शेती करावी, व्यापाऱ्याने मापात खोट करू नये, गृहिणीने दारी आलेल्या भिक्षुकास आदराने भिक्षा घालावी, शिक्षकाने सत्य शिकवावे. या सर्वांच्या मुळाशी नामस्मरण असेल, तर तोच व्यवसाय उद्धरणाच्या दिशेने जाणारी वाट होतो. स्मरण सुटले की तोच केवळ फळाचा व्यवहार उरतो. आणि भिक्षुकानेही, वेष घेतला म्हणजे प्रयोजन साधले, अशा भ्रमात राहू नये. अटन, विजन, भिक्षा ही साधने आहेत. त्यांचा अभिमान जडला तर तीही दिवसा लावलेली दिवटीच होय.

शेवटी ज्यांचे हातपाय थकले, दृष्टी मंदावली, ज्यांना ‘आता आपण कोणाच्याच उपयोगी नाही’ असे वाटते, त्यांच्यासाठी एक शब्द. काम सुटते, प्रयोजन सुटत नाही. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण अंथरुणावर पडूनही घडते. जीव बद्धमुक्त आहे, ही गोष्ट वार्धक्याने बदलत नाही. देह आहे तोवर प्रश्नही आहे, आणि उत्तर देण्याची संधीही आहे. ती संधी आजच्या दिवशी कोणत्या सेवेच्या रूपाने समोर आली आहे, एवढेच प्रत्येकाने पाहावे.