उपकार आणि संमती

भुकेल्यास अन्न द्यावे, रुग्णाच्या जखमेवर पट्टी बांधावी, निराश्रित मुलीला अक्षरओळख करून द्यावी. आणि मग त्यांना सांगावे, की हे सर्व ज्याच्या नावाने केले त्याला तुम्ही शरण या. ह्यात अधर्म आहे काय? आणि असल्यास तो नेमका कोठे सुरू होतो? ख्रिस्ती मिशनांच्या कार्याविषयी आपल्या समाजात जी चर्चा होते ती बहुधा संतापाची असते किंवा कृतज्ञतेची. दोहोंनाही कारणे आहेत. परंतु निर्णय करावयाचा तर हा प्रश्न सोडविल्यावाचून गत्यंतर नाही.

गोमंतकीय वाचकाला इतिहासाची आठवण करून देण्याची गरज नाही. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. ही स्थलांतरे यात्रेची नव्हेत, परागंदा होण्याची आहेत. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले व मधल्या काही वर्षांचा खंड सोडल्यास 1812 पर्यंत टिकले. जेथे राजदंडच धर्मोपदेशकाच्या मागे उभा राहतो, तेथे संमतीचा प्रश्नच उरत नाही. ते मिशन नव्हे, ती जुलूमजबरदस्ती होय.

तथापि त्याच भूमीत, त्याच सत्तेच्या छायेत, दुसरेही एक कार्य चालले होते. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स येथील भाषा शिकला, आणि त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापून निघाले. परक्याला आपला देव समजावून सांगण्यासाठी त्याने परक्याचीच ओवी हाती घेतली. लोकांची भाषा शिकणे म्हणजे त्यांच्याशी बोलण्यास ते पात्र आहेत असे मानणे. ज्याला केवळ दरडावावयाचे असते, त्याला ओवीची गरज लागत नाही.

मराठी मुलुखात 1813 पासून अमेरिकन मिशन आले, ते प्रथम मुंबईस व पुढे अहमदनगरास. बेळगावाहून फार दूर नसलेल्या मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांनी 1894 मध्ये इस्पितळ सुरू केले, आणि तेथे सर्व जातींचे रुग्ण येत. येथे राजदंड पुढे नव्हता. पुढे होता तो उपकार. आणि नैतिकदृष्ट्या अवघड प्रश्न येथूनच सुरू होतो. कारण जुलूम ओळखता येतो, उपकाराचे दडपण ओळखणे कठीण.

कायद्याने ह्या प्रश्नाला हात घातला आहे. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचे आचरण करण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये निर्णय दिला, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क सर्वांना आहे, पण दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढून घेण्याचा हक्क कोणासही नाही. कारण विवेकाचे स्वातंत्र्य ऐकणाराचेही आहे. परंतु प्रसार कोठे संपतो आणि आमिष कोठे सुरू होते, हे ठरविणे शेवटी उरतेच. शाळा हे आमिष काय? औषध हे आमिष काय?

मला ह्या कामी एक जुना, रोजच्या वहिवाटीतला कायदा अधिक उपयोगी वाटतो. 1872 च्या करार कायद्याचे 16 वे कलम अनुचित दडपणाविषयी आहे. एका पक्षाला दुसऱ्याच्या इच्छेवर प्रभुत्व गाजविता येईल असे त्यांचे नाते असावे, आणि त्या स्थितीचा त्याने गैरवाजवी लाभ उठवावा, म्हणजे संमती खरी राहत नाही. वय, आजार किंवा मनाची वा शरीराची पीडा ह्यांमुळे ज्याचे मन दुर्बल झाले आहे, त्याच्याशी व्यवहार करणारा अशा प्रभुत्वाच्या जागी आहे असे कायदा मानतो. श्रद्धा हा करार नव्हे, हे खरे; पण संमतीचे हे मोजमाप तिलाही लावता येते. वेदनेने तळमळणाऱ्याकडून रात्री मिळविलेला होकार आणि बरा होऊन घरी परतलेल्या माणसाने वर्षभर विचार करून दिलेला होकार, ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपली गीताही सतराव्या अध्यायात हेच सांगते: ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला दिलेले दान सात्त्विक, परतफेडीसाठी दिलेले राजस.

ह्यावर श्रद्धावान ख्रिस्ती म्हणेल, 'मला जे अमृत वाटते ते दुसऱ्यापासून लपवू कसे? न सांगणे हाच माझ्या लेखी निष्ठुरपणा आहे.' हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर एवढेच, की सांगावे अवश्य; पण 'नको' म्हणणाराला औषध तितकेच मिळाले पाहिजे व शाळेतील जागाही तीच राहिली पाहिजे. नकाराची किंमत शून्य असेल तरच होकाराला मोल येते.

ह्या कसोटीवर एक प्रसिद्ध प्रकरण पाहू. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन काढले. ते 1890 मध्ये पुण्यास आले. विधवा मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात अशी तक्रार झाली, आणि 1893 मध्ये रानडे व भांडारकर ह्यांसारखे सल्लागार बाजूस झाले. सर्वस्वी आश्रित अशा मुलींच्या संमतीविषयी त्यांची शंका अस्थानी नव्हती. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि त्याच 1893 साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. म्हणजे त्या घरात नकार देऊनही राहता येत होते. आता पारडे दुसऱ्या बाजूने भरू. ह्या विवाहाबद्दल कर्व्यांवर बहिष्कार घातला तो मिशनने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या मुरूड गावाने.

येथे कायद्याचा एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मध्यप्रदेशाच्या 1968 च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यात 'बळ' ह्या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकी जशी घातली होती, तशीच सामाजिक बहिष्काराचीही. तो कायदा धर्म बदलविणाऱ्यासाठी होता. पण त्या व्याख्येमागील न्याय दोन्ही बाजूंना लागतो. नरकाची भीती घालून माणसाला आत ओढणे हे जर बळ असेल, तर वाळीत टाकण्याची भीती घालून त्याला आत डांबून ठेवणे हेही बळच. आपल्या देवळाच्या पायरीखाली पिढ्यान्‌पिढ्या उभे केलेल्या माणसाने दुसरीकडे दार उघडे पाहून पाऊल टाकले, तर 'त्याला आमिष दाखविले' अशी तक्रार करण्यापूर्वी त्याची मूळची संमती आपण कधी विचारली होती, ह्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

शारदा सदनाला कर्व्यांनी दिलेले उत्तर निषेधाच्या सभेचे नव्हते. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. ज्या विधवेसमोर एकच दार होते तिच्यासमोर दुसरे दार उघडले. आणि निवड करण्यास दोन दारे असतील तेव्हाच ती निवड स्वतंत्र म्हणता येते. मिशनच्या सेवेतील दडपण नाहीसे करण्याचा ह्याहून निर्दोष उपाय मला दिसत नाही. फिर्याद फार तर एखादे दार बंद करील. दुःखिताला त्याने निवारा मिळत नाही.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला आजही हिंदू भाविक जातात, आणि शिरगावच्या लईराईची ती बहीण असे लोक मानतात. देवतांनी जे नाते तोडले नाही ते आपणही तोडू नये. मिशनला आपण प्रश्न अवश्य विचारावा, की तुमच्या दारातून रिकाम्या हाताने परतणाराला तुम्ही कसे वागविता? परंतु तोच प्रश्न आपल्या देवस्थानांच्या समित्यांच्या बैठकीतही एकदा विचारला जावा. ज्या देवळाच्या उत्पन्नातून गावातील एखाद्या आजाऱ्याला, जात न विचारता, औषध मिळते, त्या देवळाला आपली माणसे निघून जातील ह्याची चिंता करावी लागणार नाही; आणि त्यातूनही कोणी गेलाच, तर तो स्वेच्छेने गेला असे समजून त्याला घरच्या जेवणाचे आमंत्रण चालू ठेवता येईल.